भाटे सरांची दीड बोट सावली

आष्ट्याच्या शाळेत नववीचा भूगोलाचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. पोटात भाकरी, डोळ्यांवर झापड आणि डोक्यावर तापलेला पत्रा. अशा वेळी भल्याभल्या गवयांचा सूर लागत नाही, तिथं अक्षांश-रेखांशांची काय कथा. पण सुमंत भाटे सर वर्गात कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. कधी पाण्यानं भरलेली कळशी, कधी परातीत ढेकळं, कधी नुसताच दोऱ्याचा रीळ. दारात क्षणभर थांबायचे. सगळ्या नजरा त्या वस्तूवर येऊन टेकल्या, की मग आत पाऊल. मुरलेल्या नटानं प्रवेश घ्यावा, तसा त्यांचा प्रवेश असे.

कळशीचा तास तर आष्ट्यात अजून सांगतात. सरांनी पटांगणात खडूनं कृष्णा काढली. वाईला एक पोरगा उभा केला, माहुलीला एक, कऱ्हाडला एक, औदुंबरला एक आणि सांगलीला वर्गातला सगळ्यात जाडा. मग वाईच्या पोराच्या पायाशी कळशी ओतली. पाणी खडूच्या रेघेनं दोन हात गेलं, कऱ्हाड सोडून भलतीकडं वळलं आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलं. पोरं जीव मुठीत धरून उभी. सर मात्र खूश.

"बघितलंत? नदी नकाशा वाचत नाही. उताराकडं बघते. नकाशा आपण काढायचा, तिच्या मागनं चालत जाऊन."

मुख्याध्यापक बाहेर येऊन म्हणाले, "भाटे, माझ्या खोलीत पूर आलाय."

"सर, धरण बांधायला दोन पोरं आणि एक पोतं पाठवतो."

भूगोल म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय, पास होण्यापुरता पाठ करायचा, अशी त्याची किंमत. पण या शाळेतली पोरं रस्त्यानं जाताना ओढ्याची वळणं बघायला लागली. घरी जेवताना 'हा वारा कुठनं येतोय' म्हणून बापाला विचारायला लागली. एका पालकानं तक्रारही केली होती, पोरगं रानात पाणी पाजायचं सोडून माती चघळत बसतंय म्हणून.

सर मूळचे वाईचे. संस्थेच्या शाळा सातारा-सांगलीभर पसरलेल्या. बदलीचा कागद आला की शिक्षकानं वळकटी बांधायची. चाळिशीला आले असताना सरांनाही तो कागद आला आणि ते चारुशीलाबाईंना घेऊन आष्ट्याला आले. दोन वर्षांनी परत जाऊ म्हणाले होते. अठरा वर्षं राहिले. बाईंनी दारात लावलेलं वाईचं चाफ्याचं रोप कौलांच्या वर गेलं, पण सरांच्या जिभेवरची वाई गेली नाही. अठरा वर्षांनंतरही ते 'न्हाई' म्हणायला शिकले नाहीत.

वाईहून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली होती. एक तारीख.

नऊ वर्षांचे असताना विष्णुपंत मास्तरांनी त्यांना मे महिन्याच्या टळटळीत दुपारी घाटावर नेलं होतं. दगडी पायरीवर मास्तरांनी खलबत्त्यातला पितळी बत्ता उभा केला. पाय भाजत होते, पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, आणि त्या बत्त्याची सावली हळूहळू त्याच्या बुडाशी शिरत चालली होती. शेवटी ती नाहीशीच झाली. झगझगीत उन्हात बत्ता उभा, आणि त्याला सावली नाही. मास्तर म्हणाले, "सुमंता, सूर्य आत्ता बरोबर तुझ्या डोक्यावर आहे. वर्षातनं दोनदा येतो. ऑगस्टातला ढगात जातो, म्हणून हा चुकवायचा नाही. अकरा मे." त्या दुपारी सुमंताला भूगोल लागला. ताप लागावा, तसा लागला.

आष्ट्याला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सरांनी पोरांना सुट्टीत शाळेत बोलावलं. पटांगणात सहा फुटी लोखंडी पाइप रोवला. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह नव्हे, आपल्याकडं सूर्य अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो, हे त्यांनी आधीच शिकवलेलं. साडेबाराच्या आतबाहेर सावली सगळ्यात आखूड झाली. पोरं श्वास रोखून वाकली. सावली आत शिरली, शिरली, आणि पाइपच्या बुडापासून दीड बोटावर येऊन थांबली.

सरांनी पाइप हलवून पाहिला. मग म्हणाले, "माती. आपल्या काळ्या रानाची माती उन्हाळ्यात फाटते. विजेचे खांब बघा गावातले, एक तरी सरळ आहे का? खांब कललाय आपला."

कुणाला पटणार नाही? आष्ट्याच्या पोराला काळ्या रानाबद्दल काहीही सांगा, ते मान डोलावतं. या मातीत भिंती चिरतात, बांध सरकतात, शेजाऱ्याशी भांडणं लागतात; पाइपची काय पत्रास. दर अकरा मेला पाइप रोवला जायचा, दर वर्षी पोरं वाकायची आणि दर वर्षी दीड बोट उरायचं. कोरोनाच्या दोन वर्षांत सरांनी एकट्यानं पाइप रोवून मोबाईलवर पोरांना दाखवलं, तेव्हाही उरलंच. पुढं पुढं तर गावात म्हणच पडली. कुणाचं काम जरासं राहिलं की म्हणायचे, झालं की, भाटे सरांचं दीड बोट राहिलंय तेवढं.

सर हसण्यावारी न्यायचे. पण निवृत्तीचं वर्ष आलं तसं ते दीड बोट त्यांना टोचायला लागलं. एकदा तरी, एकदाच, वाईच्या घाटावर दिसलं होतं तसं या पोरांना दिसावं.

ते भाऊसोनं मनावर घेतलं. भाऊसो हा सरांचा आष्ट्यातल्या पहिल्या तुकडीचा विद्यार्थी, आता मंडपाचा धंदा करतो. त्यानं जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले: अकरा मेला सरांचा सत्कार, आणि त्याच मध्यान्ही शून्य सावली. पटांगणात सिमेंटचा ओटा बांधायचा, पाइप त्यात कायमचा रोवायचा, म्हणजे मातीचा प्रश्नच नको. ओट्याला काळ्या दगडाची फरशी बसवायची, तिच्यावर कोरायचं: शून्य सावली, ११ मे. ओटा संक्रांतीच्या आधीच उभा राहिला. कपिल बनसोडे गवंड्यानं तो बांधला आणि पाइप असा सरळ रोवला की बघणाऱ्याची मान ताठ व्हावी.

कपिलची पोरगी पायल तेव्हा नववीत होती.

पायल शेवटच्या बाकावर बसायची. सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर कामावर जाऊन नव्या भिंतींना पाणी मारायची. शाळेत असून नसल्यासारखी. दिवाळीनंतर एकदा सरांनी वर्गात विचारलं, घराची कुठली भिंत जास्त तापते? कुणी पूर्व म्हणालं, कुणी पश्चिम. मागून आवाज आला.

"कवा तापती, त्याच्यावर हाय."

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात मावळतीची. पन आता थंडीत दक्षिणेची लय तापती. तिला पप्पा दुप्पट पानी मारायला लावत्यात. उत्तरेची भिंत तर वलीच ऱ्हाती."

सरांनी खडू ठेवला. अख्खा वर्ग उठवून शाळेच्या दक्षिणेच्या भिंतीपाशी नेला आणि एकेकाला तळवा टेकवायला लावला. मग उत्तरेच्या. "आपण पुस्तकात वाचतो तो सूर्याचा प्रवास हिच्या हाताला ठाऊक आहे," एवढंच म्हणाले. पायल खाली बघत होती, पण कान लाल झाले होते. ओटा झाल्यावर त्यांनी ओट्यावरच्या सावलीचं काम तिलाच दिलं. रोज बाराच्या ठोक्याला नव्हे, साडेबाराच्या आधी दहा मिनिटं येऊन बसायचं, सावलीच्या टोकाला खुणा करत राहायचं, सगळ्यात आखूड ती त्या दिवसाची म्हणून वहीत लिहायची. पोरीनं एक दिवस चुकवला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, सुट्टी लागली, तरी ती यायची. सर येता-जाता ओट्यावरच्या रेघा बघायचे, 'वा' म्हणायचे आणि पेन्शनच्या कागदांमागं लागायचे.

सात मेला दुपारी एक वाजता ती सरांच्या दारात आली. घरात खोकी बांधायचं काम चाललं होतं. महिनाअखेरीला वाई गाठायची होती. पायलचा चेहरा उन्हानं तांबूस झालेला, वही छातीशी.

"सर, सावली गेली."

"कुठं गेली?"

"संपली. पायपाच्या बुडाशी कायबी न्हाई. उद्यापास्नं पल्याडच्या अंगाला पडंल."

सर हसले. "अजून चार दिवस आहेत गं. पाइप कललाय तुझा."

"न्हाई कलला. एक तारखेला तीन बोटं हुती, रोज अर्धं बोट कमी हुतीया. मला तवाच वाटलं, सातला संपनार म्हनून. परवा पप्पांनी ओळंबा लावून बघितला."

"मग परत बघायला सांग. ओळंबा बघायलाही नजर लागते."

हे बोलल्याबरोबर आपण काहीतरी वावगं बोललो, हे त्यांना कळलं. पण शब्द सुटले होते. पायल उंबऱ्यापाशी तशीच उभी राहिली.

"सर, एक इचारू? व्हरांड्यात दरवर्षीचं फोटू लावल्यात. सगळ्यात सावली चिंचेकडंच हाय. दक्षिणेला. खांब मातीनं कलतो, तर दरवर्षी एकाच अंगाला कसा कलतो?"

"पायल, मी हे अठरा वर्षं दाखवतोय. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

तिनं उंबऱ्यावरून पाय मागं घेतला. मग म्हणाली, "बरं सर."

आणि गेली.

शिक्षकाच्या आयुष्यात 'बरं सर' हे शब्द हजारदा कानांवर पडतात. पण त्यातला एक सूर असा असतो, की त्याच्यामागं दार लागल्याचा आवाज येतो. सरांनी तो इतर शिक्षकांच्या वर्गांबाहेरून जाताना ऐकला होता. आपल्याला कुणी तो ऐकवेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी नुकतंच बांधलेलं खोकं सोडलं. नकाशांचं पुस्तक काढलं. वाईवर बोट ठेवलं, मग खाली आणत आणत आष्ट्यावर ठेवलं. एक अंश. दरवर्षी जूनमध्ये ते फळ्यावर लिहीत आले होते: सूर्य उन्हाळ्यात दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकतो, रोज साधारण तीस किलोमीटर. वाई आणि आष्टा, सरळ रेषेत शंभरावर थोडे. म्हणजे चार दिवस. सूर्य आष्ट्याच्या माथ्यावरून सातलाच पुढं जातो. अकराला तो वाईत असतो. विष्णुपंतांनी सांगितलेली तारीख खरी होती, पण वाईच्या घाटासाठी. नऊ वर्षांच्या पोरानं ती देव्हाऱ्यातल्या टाकासारखी जपली आणि मोठा झाल्यावर दुसऱ्या गावात नेऊन मांडली. अक्षांश शिकवण्यात जन्म गेला त्याचा, आणि एवढी एक गोष्ट अक्षांशाला लावून बघावी असं कधी मनात आलं नाही.

चारुशीलाबाई पाणी घेऊन आल्या. सरांनी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ नकाशाकडं बघत राहिल्या.

"म्हणजे मुहूर्त वाईचा काढलात आणि लग्न आष्ट्यात लावलंत."

"हसायची गोष्ट नाही ही."

"हसत नाहीये हो. पोरगी काय म्हणाली?"

"बरं सर, म्हणाली."

बाईंनी भांडं खाली ठेवलं. "मग ते आधी निस्तरा. सूर्याचं काय, त्याला काही वाटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला सर शाळेत गेले. ओटा रिकामा होता. शिपाई सयाजी म्हणाला, "पोरगी आज आली न्हाई. रोज याच वक्ताला असती." सरांनी वाकून पाहिलं. पाइपच्या पल्याड, चिंचेच्या बाजूला, अर्ध्या बोटाची सावली पडली होती. तिच्या टोकाला खूण करायला खडूही नव्हता त्यांच्याकडं.

तिथून ते भाऊसोकडं गेले. भाऊसो गोदामात खुर्च्या मोजत होता. फरशी कोरून आली होती, पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग सरांना खुर्ची दिली आणि स्वतः समोर उकिडवा बसला.

"सर, पोरं रजा टाकून यायल्यात. पुण्यास्नं, मुंबईस्नं. सईताई लेकीला घिऊन यायलीया. आता त्यास्नी काय सांगू, सावली येऊन गेली म्हनून?"

"तेच सांगायचं."

"आवं, कोण बघतंय दीड बोट? आन् न्हाईतर एक करू. कपिलला सांगून पायप वरच्या टोकाला उत्तरंला दोन बोटं झुकवू. सावली बरोबर बुडात बसतीया. कुनाच्या बापाला कळत न्हाई."

खरं सांगायचं तर सरांनी ते मनात करून पाहिलं. गर्दी जमली आहे, सगळे वाकले आहेत, सावली संपते, टाळ्या पडतात, आणि अठरा वर्षांचं ते बोट एकदाचं मिटतं. निरोपाचा प्रयोग असा व्हावा असं कुणाला वाटणार नाही? फक्त त्या गर्दीत कुठंतरी पायल उभी असणार, वही न उघडता.

"भाऊसो, इतकी वर्षं खांब सरळ होता आणि मी त्याला वाकडा म्हणत होतो. आता वाकडा करून सरळ म्हणू?"

भाऊसोनं मान खाजवली. "मग ह्या फरशीचं काय करायचं?"

"उलटी बसव."

बनसोड्यांच्या घरी जाईबाई, पायलची आजी, दारात शेवया वाळत घालत होत्या. "आवं या की सर. पोरगी बापासंगं कामावर गेलीया. काल धरनं त्वांड पाडून बसलीया, जेवली बी न्हाई नीट." सर कामावर गेले. नव्या घराची पहिल्या मजल्याची भिंत चढत होती. पायल वर स्लॅबवर रबरी नळी धरून पाणी मारत होती. तिनं सरांना पाहिलं आणि पाठ फिरवली. कपिल परांचीवरून खाली उतरला, हात पुसले, पण रोजच्यासारखा हसला नाही.

"सर, तुमी पोरीला म्हनला, ओळंबा बघायला नजर लागती."

"म्हणालो."

"चोवीस वर्सं ह्याच ओळंब्यावर भिंती उचलल्यात. एक भिंत मान टाकून बसली न्हाई. दुसरं कुनी बोललं असतं तर…" तो थांबला. "तुमी बोलला म्हनून लागलं."

"ओळंबा बरोबर होता, कपिल. पोरगीही बरोबर होती. चूक माझी. अठरा वर्षांची आहे, म्हणून जरा जड जातेय उचलायला. तिला सांगायला आलोय."

वरून पाणी पडायचं थांबलं. सर जिन्याच्या कच्च्या पायऱ्या धरत धरत वर गेले. त्यांनी पायलला वाई सांगितली, बत्ता सांगितला, एक अंश सांगितला. कुठं कमी-जास्त केलं नाही. ती नळी हातात धरून ऐकत होती; पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं.

"म्हंजे मी आजची खूण चुकवली," ती शेवटी म्हणाली.

"मी पाहिली. अर्धं बोट, चिंचेच्या बाजूला."

"मोजली?"

"अंदाजानं."

"अंदाजानं नगं, सर," ती म्हणाली, आणि मग आपण कुणाला बोललो हे ध्यानात येऊन ओशाळली.

"अकराला तू सांगशील सगळ्यांना?"

"मी न्हाई. लोक तुमाला हसतील."

"हसू देत. मी आधी सांगेन, मग हसतील, मग तू उरलेलं सांग. हसून झालेला माणूस चांगला ऐकतो."

अकरा मेला मंडपात दीडदोनशे माणसं होती. साडेबाराला सगळी ओट्याभोवती जमली. सरांनी आयुष्यभर गर्दीला तालावर डोलवलं होतं, पण आज ते सरळ मुद्द्यावर आले.

"मंडळी, आज सावली संपणार नाही. ती सातला संपली. पायल बनसोडेनं पाहिली. मी पाहिली नाही, मी घरी खोकी बांधत होतो. अठरा वर्षं मी तुम्हाला वाईची तारीख आष्ट्यात दाखवली. खांब सरळ होता. आपल्या मातीला मी उगाच बदनाम केलं."

हशा झाला. मोकळा, प्रेमाचा हशा. सरांना बरं वाटलं. तेवढ्यात भाऊसो उठला.

"सर, एक सांगायचं राहिलंय. दुसऱ्या वर्षी मी सकाळी एकटाच येऊन आमच्या घराच्या गवंड्याच्या ओळंब्यानं पायप सरळ केला हुता. कुनाला सांगितलं न्हाई. म्हटलं, सरांची सावली आज बसवायचीच. तरी दीड बोट राहिलं. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं."

गर्दीतून सई पुढं आली. तीही सरांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात शिकवते; बोटाला नऊ वर्षांची लेक ओवी. "मी वहीत लिहिलं होतं सर, सावली दक्षिणेला. मग तुम्ही खांब कललाय म्हणालात, म्हणून खोडलं."

आता कुणी हसलं नाही. याचा सरांनी विचार केला नव्हता. आपली चूक लोकांपुढं ठेवायची, एवढीच त्यांची तयारी होती. पण त्या चुकीखाली किती पोरांनी आपलं बरोबर असलेलं गाडून टाकलं, याची मोजदाद त्यांनी केली नव्हती. पोरांनी सावलीपेक्षा सरांवर जास्त विश्वास ठेवला, आणि इतकी वर्षं ते हेच आपलं यश समजत आले. त्यांनी पोरांना भूगोलाची गोडी लावली, हे खरंच. पण गोडी लागलेल्या पोरानं मास्तरांच्या पुढं पाऊल टाकायचं असतं, आणि ते टाकायला जागा द्यायची असते, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

"पायल," ते म्हणाले, "पुढं तू."

पायल वही घेऊन आली. सुरुवातीला तिचा आवाज ऐकू येत नव्हता. "सूर्य रोज तीस किलोमीटर उत्तरंला सरकतोय," ती म्हणाली, "म्हंजे परत्येक गावाची तारीख येगळी." एवढं ऐकलं मात्र, सुट्टीला आलेली पोरं ओट्यावर चढली. माझ्या मामाचं गाव पलूस, तिथं कवा? सातारला कवा? आमचं जत? पायल नकाशावर दोरी धरून एकेकाला सांगू लागली. पलूसचं गेलं, सातारचं कालच गेलं. ज्यांचं गेलं ती पोरं खरोखर हिरमुसली. माइकवरून भाऊसो सत्कारासाठी सरांचं नाव पुकारत होता आणि ओट्यावरचं एकही पोर हलत नव्हतं. सरांनी शाल एकट्यानंच घेतली.

"आमचं पुणं?" ओवीनं विचारलं.

"तुमचं ऱ्हायलंय अजून. तेराला हाय. गच्चीवर कायतरी सरळ उभं कर. आन् आधी ओळंबा लाव. नसला तर दोऱ्याला कुलूप बांध."

तेरा तारखेला सर पुन्हा खोकी बांधत होते. दुपारी एकला पायल आली, बापाचा मोबाईल हातात.

"सर, ओवीचा फोन आला हुता. पुण्यात संपली सावली. कुलूप बांधून बघितलं तिनं."

ओवीनं फोन सरांना केला नव्हता, पायलला केला होता. ते सरांना जरासं लागलं, आणि लगेच त्या लागण्याचं त्यांना हसू आलं.

"किती वाजता संपली?"

"बारा एकतीस. आपल्यापेक्षा दोन मिनिटं उशिरा. ती म्हनाली घड्याळ बरोबर हाय. असं का असंल?"

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी हातातला सुतळीचा तोडा टाकला, पुढं झुकले, एक बोट उचललं. "त्याचं असं आहे, पुणं आपल्यापेक्षा…"

"थांबा सर. सांगू नगा."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली, वही उघडली आणि पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवून विचार करू लागली. सरांचं बोट हवेत राहिलं होतं, ते त्यांनी हळूच खाली घेतलं. बांधलेल्या खोक्यावर बसले. आतून चारुशीलाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली.

"पाच मिनिटं," सर हळू आवाजात म्हणाले, आणि थांबून राहिले.